उभ्या ट्रकचा वेग सत्तर

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

गॅरेजमधून, दोन वेळा साबण लावून हात धुतल्यानंतर, साष्टांग नमस्कार. (तरी कागदाच्या उजव्या कोपऱ्यात अंगठा उमटलाच आहे. डाग ग्रीसचा आहे, डिझेलचा नाही. डिझेलचा असता तर मी कागद बदलला असता, कारण डिझेल पसरतं.)

आपली प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो, आणि तसं धरायला आधारही आहे. गेल्या रविवारी ताईला फोन केला तेव्हा मागून तुमचा खोकला ऐकू आला, आणि त्या खोकल्यातला जोर पाहता छातीचं काम ठणठणीत चालू आहे. मी ताईला विचारलं, दाजी कसे आहेत. ताईने तोंड वळवून तुम्हाला सांगितलं की तो विचारतोय कसे आहात. तुम्ही म्हणालात, बरा आहे म्हणावं. हे मला स्वच्छ ऐकू आलं, तरी ताईने ते मला पुन्हा सांगितलं. चौदा महिने आपला संवाद असा एका माणसाच्या वळशाने चालू आहे. ताईचं मत असं पडलं की आपण दोघं मिळून एकच मूल आहोत, आणि तेही पाच वर्षांचं. मी तिला सांगणार होतो की पाच आणि पाच मिळून दहा होतात, पण गुडघ्याने बेजार झालेल्या बाईला आकडे सुधारून देऊ नयेत. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

पत्र का, फोन का नाही, असं तुम्हाला वाटेल. फोन हा तुमचा प्रांत. ज्या माणसाने अडतीस वर्षं जमिनीखाली उकिडवं बसून टेलिफोनच्या केबली जोडल्या, त्याला टेलिफोनवर गाठणं म्हणजे माशाला पाण्यात गाठण्यासारखं आहे. शिवाय पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही, आणि मला जे सांगायचंय ते मधे कोणी बोललं तर मी सांगणार नाही, एवढी मला माझी ओळख आहे.

विषय कासवाचा. (तुम्ही त्याला पाहिलेलं आहे. उंच, वाकलेला, बोलण्याआधी घसा साफ करणारा ड्रायव्हर, तुम्ही इथे शेवटचे आलात त्या दिवशी दारात बसून वर्तमानपत्राची घडी इस्त्रीसारखी घालत होता तो.) बावीस वर्षं काचेच्या कारखान्याचा ट्रक चालवतो. मागे घोड्यावर, म्हणजे तिरक्या चौकटीवर, लाकडी पट्ट्यांत बांधलेल्या मोठमोठ्या काचा, एकेक दारापेक्षा उंच, आणि पुढे हा. बावीस वर्षांत त्याने पन्नासच्या वर काटा नेलेला नाही. सायकलवाले त्याला ओलांडून पुढे जातात आणि वळून पाहतात. एकदा एका लग्नाच्या मिरवणुकीने त्याला हॉर्न दिला होता. कासव हे नाव मीच ठेवलं, आणि त्याला ते इतकं आवडलं की केबिनच्या दारावर त्याने स्वतः एक कासव रंगवून घेतलं. पायांना नखं आहेत, मी मोजली, प्रत्येक पायाला चार.

तर या माणसाला अतिवेगाबद्दल नोटीस आली.

कारखान्याने दोन वर्षांपूर्वी सगळ्या ट्रकांत एकेक काळी डबी बसवली. ट्रक किती वेगाने गेला आणि किती वाजता, एवढं ती लिहून ठेवते. कुठे गेला ते तिला कळत नाही. साठच्या वर सलग मिनिटभर राहिलं की नोंद, तीन नोंदी झाल्या की काचेच्या कामावरून कमी. पहिली नोंद आली दोन महिन्यांपूर्वी: दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, वेग एकशे अठरा. कासवाने वही काढून पाहिलं, त्या वेळी तो कारखान्याच्याच फाटकात, वजन करायच्या रांगेत, पाच ट्रकांच्या मागे उभा होता. त्याने हे साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, डबी कशाला खोटं बोलेल, तिला काय बढती हवीय? (साहेब तसे वाईट नाहीत. काचेच्या धंद्यात राहून माणूस जरा लवकर हादरतो.) आणि त्रास नुसत्या कागदावर नव्हता. चालत्या रस्त्यावर, चाळीसच्या वेगात, मीटरचा काटा एकदम नव्वदवर उडी मारायचा, इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटायचं हा पिसाळला, आणि तो डिझेल तोडायचा. ट्रक गचका खायचा. मागे काचा एकमेकींना विचारल्यासारख्या किणकिणायच्या. कासव सांगत होता, मिस्त्री, तो आवाज आला की माझ्या दाताची मुळं थंड होतात.

तेव्हा तो माझ्याकडे आला, आणि मी त्याला पाटी दाखवली. पाटी तुम्हाला आठवत असेल: आमच्याकडे दुरुस्त झालेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही. अक्षर माझंच.

आता थोडं वेगाच्या सेन्सरबद्दल लिहिणं भाग आहे. तुम्हाला शिकवण्याचा हेतू नाही. (पूर्वी असता. आता नाही.) पण सव्वीस वर्षं मी या वस्तू खोलतो आणि बसवतो, आणि अजूनही हा सेन्सर हातात घेतला की मला क्षणभर खुर्ची लागते. गिअरबॉक्सच्या शेपटाला, जिथून फिरणारा दांडा मागच्या चाकांकडे जातो तिथे, आत एक दातेरी चक्र आहे. सोळा दाते. मी बोटाने तीनदा मोजले आणि चौथ्यांदा खडूची खूण करून. त्या चक्रासमोर, बाहेरून आट्यांवर फिरवून, हा अंगठ्याएवढा सेन्सर बसतो. त्याला बॅटरी लागत नाही, त्यात हलणारा भाग नाही. आत एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. समोरून दाता गेला की त्याला शहारा येतो. खाच आली की शांत. पुन्हा दाता, पुन्हा शहारा. सोळा शहारे म्हणजे एक फेरी. स्पर्श कुठेच नाही, मधे पोस्टकार्डाच्या जाडीएवढी हवा, आणि त्या हवेतून अख्ख्या ट्रकची चाल दोन तारांमधून पुढे एकोणीस फूट वाहत इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत जाते. बारा टन काच आणि लोखंड कुठल्या वेगाने पळतंय, हे एका शहाऱ्यावर. दाजी, हे कोणी शोधलं मला माहीत नाही, पण त्याच्या घरी कोणी त्याला पुरेसं चहापाणी दिलं असेल अशी मी आशा करतो.

पहिल्या भेटीत मी सेन्सर बाहेर काढला. टोकाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटला होता, मिशी आल्यासारखा. ती मिशी पुसली, आणि मोठेपणा करून सेन्सरही नवा घातला. बसवताना आत फिरवत नेला, दात्याला टेकेपर्यंत, मग अर्धा आटा मागे, आणि नट आवळला. हे अर्ध्या आट्याचं शास्त्र मी पुस्तकातून, शब्दकोश मांडीवर घेऊन, रोज जेवणाआधी एक पान या हिशेबाने शिकलो आहे. काटा जागेवर, डबी गप्प, कासव खूश. आठ दिवसांनी दुसरी नोंद आली. दुपारी पावणेतीन, वेग एकशे चार.

दुसऱ्या भेटीत मी चक्र तपासलं (दाते मोजले ते याच वेळी), सेन्सरच्या दोन्ही तारा मीटरने मोजल्या, जोड हलवून पाहिला, तारांवर पाणी मारलं, ट्रक खड्ड्यावर घेऊन खालून हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. काहीच सापडेना. काटा शून्यावर असा पडून, जणू त्याने आयुष्यात उडी मारलेली नाही. तीन तास असं झाल्यावर मी खड्ड्यातून वर आलो आणि, हे मी तुम्हाला लिहितो कारण दुसऱ्या कोणाला लिहिणार नाही, मी कासवाला बाजूला घेऊन विचारलं: खरं सांग, वयाने पाय जड झालाय का? कुठे लागतो का पेडलवर? त्याने घसा साफ केला. मग म्हणाला, घरीही तेच विचारतात. आमच्या हिने आत येऊन माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी पाटीवर एक टॉवेल वाळत घातला. टॉवेल कोरडाच होता.

तिसरी नोंद गेल्या शनिवारी झाली. येत्या शुक्रवारी साहेबांपुढे कासवाचा निकाल आहे. निवृत्तीला त्याची चार वर्षं राहिली आहेत, आणि काचेवरून कमी केलं तर त्याला वाळूच्या डंपरवर घालतील. दाजी, ज्या माणसाने बावीस वर्षं रस्त्यातला प्रत्येक खड्डा नावाने ओळखून चुकवला, त्याला वाळूवर घालायचं, तेही अतिवेगासाठी.

काल सोमवारी ट्रक तिसऱ्यांदा आला. या वेळी मी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, वहीत तारीख घालून, आणि दुपारी पावणेदोनपर्यंत पुन्हा काहीच हाती लागलं नाही. पत्र्याखाली उकाडा असा की पानाही हातात धरवेना. कासवाला मी हिच्याबरोबर आत जेवायला पाठवलं आणि स्वतः त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. किल्ली फिरवलेली होती, इंजिन बंद होतं, चाकांना पुढेमागे दगड लावलेले होते. घाम डोळ्यांत जाऊ लागला म्हणून मी डॅशबोर्डवरचा छोटा पंखा लावला. तो पंखा दोन महिन्यांपूर्वी मीच कासवाला भेट दिला होता आणि मीच बसवला होता. एक नंबरवर लावला.

काटा उठला.

अगदी हळू, झोपेतून उठल्यासारखा, वीस, चाळीस, साठ, आणि सत्तरवर जाऊन थरथरत उभा राहिला. मी खिडकीतून वाकून चाकं पाहिली. (हसू नका. तुम्हीही पाहिली असती.) चाकं उभी होती. दगड उभे होते. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर जागच्या जागी होतं. मी सत्तरच्या वेगाने माझ्याच गॅरेजमध्ये बसलो होतो, आणि चेहऱ्यावर वारा तेवढा खरा लागत होता. पंखा बंद केला, काटा झोपला. लावला, उठला. दोन नंबर केला, तो एकशे दहावर गेला. मी सात वेळा केलं. सातवी वेळ गरजेची नव्हती, ती मी नुसती पाहण्यासाठी केली. अंगावर काटा आला, आणि समोर काटा.

गॅरेजमध्ये हे आजवर का दिसलं नाही, तेही त्या क्षणी समजलं. कासव फार शिस्तीचा माणूस. दुसऱ्याच्या दारात ट्रक लावला की तो आधी पंखा बंद करतो, मग इंजिन, मग उतरून माझा उंबरठा ओलांडताना टोपी काढतो. दुखणं फाटकाबाहेर ठेवून तो प्रत्येक वेळी माझ्याकडे येत होता. आणि नोंदी सगळ्या दुपारच्या.

पंख्याची छोटी मोटर फिरताना आत ठिणग्या टाकते, आणि त्या ठिणग्यांची कुरकुर तिच्या तारेतून चालते. ती तार जर सेन्सरच्या तारांना लागून धावत असेल, तर त्यांना ती कुरकुर ऐकू जाणार, आणि कॉम्प्युटर ती शहारे समजून मोजणार. पंख्याची पाती फिरत होती आणि ट्रक तो वेग स्वतःचा म्हणून सांगत होता. इथपर्यंत मी आनंदात होतो. पंखा भेट देणारा मी होतो हे जरा टोचत होतं, पण भेट देण्यात गुन्हा नाही. मग मी डॅशबोर्डखालची पट्टी काढली आणि तारांचा जुडगा पाहिला.

आता पुढचा परिच्छेद जरा भरभर वाचावा.

जुडगा सुंदर होता. एकही तार दुसरीवरून गेलेली नाही, सगळ्या विंचरल्यासारख्या समांतर, दर चार इंचांवर प्लॅस्टिकची पट्टी, पट्ट्यांची टोकं एकाच बाजूला कापलेली. असं काम या भागात एकच माणूस करतो. चौदा महिन्यांपूर्वी उंदराने या ट्रकची वायरिंग खाल्ली होती तेव्हा मी ती सगळी नव्याने घातली. तुम्ही त्या दिवशी दारातल्या लाकडी स्टुलावर चहा घेत बसला होता. जुन्या जुडग्यात सगळ्या तारा सरळ होत्या, फक्त दोन एकमेकींना पीळ घालून, वेलीसारख्या, थेट मागे सेन्सरपर्यंत गेलेल्या. मला ते अस्ताव्यस्त वाटलं. मी तो पीळ सोडवू लागलो, आणि तुम्ही म्हणालात, अरे, त्या दोघींच्या पिळाला हात लावू नकोस, तो उगाच नसतो. गॅरेजमध्ये तेव्हा तीन गिऱ्हाइकं आणि कासव. आणि मी काय म्हणालो ते तुम्हाला शब्दशः आठवत असणार, कारण मलाही आठवतं: दाजी, खांबावरच्या कावळ्यांना सांगा, इथे डिझेलचं काम चालतं. गिऱ्हाइकं हसली. कासव हसला नाही. तुम्ही कप खाली ठेवलात. अर्धा होता.

त्याआधी कितीतरी वेळा जेवताना तुम्ही सांगितलेलं आहे, आणि मी ऐकताना वरणाकडे पाहत होतो, की एका केबलमध्ये चारशे जोड्या असतात, चारशे घरं एकाच वेळी बोलत असतात, आणि एका घरातलं भांडण शेजारच्या घरात ऐकू जाऊ नये म्हणून प्रत्येक जोडीला पीळ असतो, आणि शेजारशेजारच्या जोड्यांचा पीळ वेगवेगळ्या लांबीचा. इथे ही तार शेजारच्या गोंगाटाजवळ, बोटभर पुढे तिची जोडीदार जवळ. दोघींना सारखाच गोंगाट ऐकू येतो. पलीकडे ऐकणारा फक्त दोघींमधला फरक ऐकतो, आणि सारख्यातून सारखं गेलं की गोंगाट शून्य, आपलं बोलणं तेवढं शिल्लक. काल डॅशबोर्डखाली, मान दुमडून, बॅटरीच्या उजेडात हे मला पहिल्यांदा समजलं. तुम्ही मला ते सोळा वर्षं सांगत होता. दाजी, यात काही भर घातलेली नाही. शिशाचं आवरण नाही, फिल्टर नाही, एक ग्रॅम वजन नाही. नुसती तीच तार, फक्त वळवलेली. मी तिथे किती वेळ पडून राहिलो माहीत नाही. हिने बाहेरून पाय हलवून पाहिले, तेव्हा मी जिवंत असल्याचं सांगितलं.

पुढचं काम सोपं होतं. नव्या दोन तारा घेतल्या, पीळ खाल्ल्यावर आखडतात म्हणून बावीस फूट. एक टोक ड्रिल मशीनच्या तोंडात अडकवलं, दुसरं टोक पक्कडीत धरायला देऊन हिला फाटकाशी उभं केलं. मी ड्रिल हळूहळू फिरवलं आणि त्या दोघी एकमेकींना धरत गेल्या, माझ्या टोकापासून तिच्या टोकाकडे, आणि ती ओढीने एकेक पाऊल आत येऊ लागली. मधेच ती म्हणाली, चौदा महिन्यांपूर्वी दाजी हेच सांगत नव्हते का? मी म्हणालो, तू तार धर. ती म्हणाली, तार धरलीच आहे, तोंड मोकळं आहे. पंख्याची तार मी जुडग्यातून काढून केबिनच्या दुसऱ्या बाजूने नेली. जोड घातले, किल्ली फिरवली, पंखा एक नंबर, दोन नंबर. काटा शून्यावर. मग मुद्दाम पंख्याची मोकळी तार हातात धरून त्या पिळाला लावून ठेवली, अगदी चिकटून, पूर्वीसारखी. काटा हलला नाही. पंखा ओरडतोय आणि त्या दोघी ऐकूनही न ऐकल्यासारख्या आपलं काम करतायत. मी हिला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, काट्याकडे पाहिलं, म्हणाली, काही होत नाहीये की. मी म्हणालो, तेच तर बघ!

आज सकाळी कासवाबरोबर चाळीस किलोमीटर जाऊन आलो. पंखा पूर्ण वेळ दोन नंबरवर. काटा पंचेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस, पंचेचाळीस. सत्तेचाळीसला कासवाने माझी माफी मागितली.

तर गाडी दुरुस्त आहे, आम्ही सर्व सुखरूप आहोत, हिचा तुम्हा उभयतांना नमस्कार. बाकी विशेष काही नाही.

आपला नम्र (मोजून पाहिल्यास या पत्रात प्रथमच),
मेव्हणा

ता. क. बाकी विशेष काही नाही असं वर लिहिलं ते शिष्टाचार म्हणून. साहेबांना शुक्रवारी लेखी कारण हवंय, आणि त्यावर प्रमाणपत्र असलेल्या माणसाची सही हवी. माझ्याकडे सव्वीस वर्षं आहेत, कागद एकही नाही. तुमच्या बैठकीत, घड्याळाच्या डावीकडे, चौकटीत एक प्रमाणपत्र आहे. त्याच्यावर मी आजवर एकंदर सहा विनोद केले आहेत, ते सर्व मागे घेतो. (चौथा चांगला होता, पण तोही.) सोबत टिपण जोडलं आहे. ते वाचावं, पटलं तर खाली सही करावी, पटलं नाही तर लाल शाईने तपासून द्यावं. तिसऱ्या ओळीत, तारांचा पीळ कोणी सोडवला आणि सांगूनही सोडवला, ते नावासकट लिहिलं आहे. ती ओळ मवाळ करू नये. मी ती तीन वेळा मवाळ केली होती, आणि प्रत्येक वेळी वाचताना असं वाटायचं की उंदरानेच केलं.

ता. क. दोन. पीळ मी इंचाला एक ठेवला आहे. हा आकडा अंदाजाचा आहे. सव्वीस वर्षांत मी अंदाजाने केलेली ही पहिली गोष्ट, त्यामुळे काल झोप धड लागली नाही. आपण येऊन पाहावं. स्टूल तिथेच आहे. पाटीवरचा टॉवेलही तिथेच आहे, तो तुम्ही आल्यावर काढू की पाटीसकट काढू, हे तुमच्यावर सोपवतो. चहा या वेळी पुरा घ्यावा.

ता. क. तीन. कासवाला खरं कारण सांगायचं नाही, टिपण बंद पाकिटात घालून द्यायचं, असं माझं ठरलं होतं. पाकीट चिकटवलंही होतं. मग बाहेर पाहिलं, तो टायरांना बोटाने दाबून पाहत होता, तेव्हा पाकीट फोडलं (म्हणून ते आता टेपने बंद केलं आहे) आणि जाऊन सगळं सांगितलं: पंखा मी दिला, तारा मी सरळ केल्या, तुझ्या पायावर संशय मी घेतला. मला वाटलं हा आता बावीस वर्षांचं एकदम बोलेल. त्याने घसा साफ केला. किती तरी वेळ साफ केला. मग विचारलं, म्हणजे मी हळूच चालवत होतो ना? मी म्हणालो, अरे, हळूच. तो म्हणाला, नाही, मिस्त्री, मलाही वाटायला लागलं होतं. पंधरा दिवस तो रस्त्यावरचे मैलाचे दगड आणि मनगटावरचं घड्याळ यांवरून स्वतःला मोजत होता. बावीस वर्षांचा पाय, आणि डबीचं ऐकून त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. मग त्याने टिपणाची एक जादा प्रत मागितली, मोठ्या अक्षरात, घरी दाखवायला. ती मी दिली. तिच्यावर वेग, कारण, तारखा काही लिहिलं नाही. एकच ओळ लिहिली: हे हळूच चालवतात. खाली सही मी केली, त्याला प्रमाणपत्र लागत नाही असं तो म्हणाला. शेवटी त्याने विचारलं, पंखा ठेवू का.

ता. क. चार. हे पत्र घेऊन येणारा तोच आहे. काचा तुमच्या गावापलीकडे पोचवायच्या आहेत, गुरुवारी परतताना सही केलेलं टिपण त्याच्याकडे द्यावं, म्हणजे शुक्रवार गाठता येईल. तो या क्षणी तुमच्या दारात टोपी हातात घेऊन उभा असेल. त्याला आत घ्या, पाणी द्या, आणि निघाला कधी ते विचारा. सकाळी बरोबर सातला निघेल, अंतर चौऱ्याऐंशी किलोमीटर आहे. वाटेत एकही गचका न खाता तो जितक्या उशिरा पोचला असेल, तितकी माझी दुरुस्ती चोख समजावी.